तांबं चढलंय

जांभ्या खडकावर धड काही उगवत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्या वाघजाईच्या सड्यावरची कुठलीही म्हैस ते सांगू शकली असती. पण म्हशीला कोणी पदवी देत नाही आणि मला दिली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी भाग्यश्री झोरे, दूध संघाच्या चारा विभागातली खनिजतज्ज्ञ. सह्याद्रीच्या माथ्यावर, सड्याच्या म्हणजे उघड्या कातळपठाराच्या कडेला, गवळी धनगरांचा बारा घरांचा धनगरवाडा आहे. तिथे जन्मले तेव्हा मी भागू होते. सातव्या वर्षी मला खाली आश्रमशाळेत घातलं. तिथल्या गुरुजींना ‘भागू’ हे नाव रजिस्टरात शोभेना, त्यांनी परस्पर भाग्यश्री करून टाकलं. मला शाळेत पोचवायला आला होता तो माझा थोरला भाऊ बमू. बाप आधीच गेला होता. दादा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. चार तास डोंगर उतरून आम्ही फाटकाशी पोचलो आणि मी भोकाड पसरलं, तेव्हा तो म्हणाला, “रडू नगंस. तू शीक, आन् म्हशीस्नी काय हवं-नगं ते आमास्नी येऊन सांग.”

खरं तर त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हैस बसली की दादा तिच्या डाव्या कुशीला कान लावायचा. पोटातली घुसळण ऐकायचा आणि सांगायचा, हिने काल कुठला पाला खाल्ला, उद्या ही दूध चोरणार की नाही. बारा घरांतलं कुठलंही जनावर मलूल झालं की पहिली हाक दादाला जायची. त्याच्याकडे शिक्षण नव्हतं, पाच माणसांत बोलायची हातोटी नव्हती. जनावरांच्या बाबतीत बमूचा शब्द शेवटचा, एवढा एक मान होता, आणि तो त्याला पुरत होता. या गोष्टीत पणाला लागला तो हा मान. लावला मी.

आता थोडं शास्त्र सांगते. ते गाळून पुढे जाता येणार नाही.

जांभ्याची माती आंबट असते. तिच्यातलं लोह स्फुरदाला असं धरून बसतं की झाडाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून सड्यावर चार महिने गवत आणि आठ महिने वाळकी काडी. स्टायलोसारखा शेंगवर्गातला चारा मात्र उन्हाळ्यातही हिरवा राहू शकतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतला नत्र बांधून झाडाला देतात. त्या जिवाणूंना मॉलिब्डेनम नावाचा धातू लागतो. फार नाही, एकरी चिमूटभर. आंबट माती तोही सोडत नाही.

आमच्या गटाने यावर एक दाणा बनवला. आत स्फुरद, गंधक, चुना आणि ते चिमूटभर मॉलिब्डेनम. वर एक पातळ थर, जो मुळाने सोडलेल्या रसानेच विरघळतो. म्हणजे मुळाने मागितलं तरच दाणा उघडणार, नाहीतर पावसातही बंद. रंग गुलाबी. ड्रोनने तो सड्यावर पेरला, आणि पुढच्या वर्षी चैत्रात, जेव्हा पूर्वी दगडसुद्धा तापून फुटतील असं वाटायचं, तेव्हा सड्यावर गुडघाभर हिरवा पाला उभा होता.

“आता म्हशीच आमास्नी हाकलून देतील,” माझी वहिनी जनाबाई म्हणाली. “म्हणतील, चारा हितंच हाय, तुमचं काय काम?”

दादा हसला नाही. त्याने स्टायलोचं एक पान तोडून चावून पाहिलं. “गोड हाय,” तो म्हणाला. “लई गोड हाय.” मला ती शाबासकी वाटली.

या पाल्यातला धोका मला ठाऊक नव्हता असं कोणी समजू नये. माझा तर त्यावरच प्रबंध होता. पाल्यात मॉलिब्डेनम आणि गंधक दोन्ही वाढले की जनावराच्या पोटात त्यांची जोडी जमते, आणि ती जोडी पाल्यातलं तांबं पकडून ठेवते. पाल्यात तांबं असतं, पोटात पोचतं, पण जनावराला मिळत नाही. तांब्याशिवाय रक्त बनत नाही, हाडं भरत नाहीत, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. म्हणून मी प्रत्येक गोठ्यात तांबं घातलेली खनिजाची वीट टांगायला लावली होती. म्हशी येता-जाता ती चाटायच्या आणि कमी पडलेलं भरून निघायचं. सगळं नीट बसवलं होतं.

मग माझी भाषणं सुरू झाली. सड्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो घेऊन मी देशोदेशी फिरले. चौदा महिने मी वाड्यावर पाय ठेवला नाही. ठेवायची गरजही भासली नाही, कारण तोवर ‘कानोसा’ आला होता.

कानोसा म्हणजे गोठ्याच्या मेढीवर ठोकलेली, उन्हावर चालणारी एक पेटी. गवळ्याने तिच्याशी आपल्या बोलीत बोलायचं. ती ऐकून त्याचा तांत्रिक अहवाल करून आमच्या पडद्यावर पाठवायची. डोंगरातल्या माणसाने बोट घासत टाईप करत बसू नये, हा त्यामागचा चांगला विचार. पण बोली म्हटली की घोटाळे आले, म्हणून प्रत्येक बोलीला एक माणूस नेमलेला होता. पेटीला अर्थाची खात्री नसेल तर तिने त्या माणसाला विचारायचं. गवळी धनगरांच्या बोलीला अर्थातच मी. त्या बोलीत जन्मलेली संघात मी एकटीच होते, आणि ते मी दर दुसऱ्या बैठकीत सांगायची.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात दादाचा बोल आला. पडद्यावर असं होतं:

‘म्हशींवर तांबं चढलंय. समद्यात आधी काजळीवर. वीट बी चाटत्यात, तरी बी चढतंय. अर्थ: शरीरात तांब्याचे प्रमाण वाढले. खात्री अडुसष्ट टक्के. पडताळणी करावी.’

खाली दोन चौकोन: बरोबर आणि चूक. मी एका बैठकीतून दुसरीत जात होते. चालता चालता ‘बरोबर’वर बोट ठेवलं. शंका यायचं कारणच काय होतं? तांबं म्हणजे तांबं. तांबं जास्त झालं तर तेही विष असतं, तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि जनावराची लघवी लाल होते. विटा चाटून चाटून तसं झालं असणार.

तरी मी फोन केला. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

“दादा, लघवी बघितलीस का? तांबडी दिसते का?”

सड्यावर वारा घोंघावत होता, निम्मे शब्द उडून जात होते. “तांबडी? तांबडीच दिसतीया की. रोज जरा जरा जास्त.”

“आणि वीट चाटते?”

“सोडतच न्हाई.”

कर्ता गाळून बोलायची आपली सवय. मी लघवीबद्दल विचारत होते, तो म्हशीबद्दल सांगत होता, आणि मराठीत तांबडी दोघीही.

“विटा काढ दादा. आजच. सगळ्या घरच्या काढायला लाव.”

“काढू? अगं, जीव टाकत्यात त्या विटंवर.”

“म्हणूनच काढ. तांबं जास्त झालंय.”

“भागे, जनावर उगं कशाला मागत न्हाई.”

“दादा, यातलं मला कळतं.”

“बरं,” तो म्हणाला.

त्या दिवशी तो बारा घरं फिरला. हे मला नंतर वहिनीकडून कळलं. आमच्या वाड्यातले वडीलधारे गंगाराम येडगे विटेला हात लावू देईनात. “बमू, तुला सोताला काय वाटतं ते सांग,” ते म्हणाले. दादाने सांगितलं, “भागू सांगतीया.” मग गंगारामबापूंनीच सुरीने दोरी कापून वीट त्याच्या हातात दिली. एकशेतीस म्हशींच्या विटा दादाने एकट्याने गोळा करून गोठ्यामागे रचल्या.

पंधरा दिवसांनी संघाच्या डॉक्टरांनी काही म्हशींचं रक्त तपासलं. रक्तात तांबं नेहमीपेक्षा थोडं जास्तच निघालं. मी तो कागद दोनदा वाचला आणि मनात म्हटलं, बघा.

पौषात काजळीचं रेडकू मागचे पाय ओढत चालायला लागलं आणि आठ दिवसांत गेलं. मग येडग्यांच्या दोन म्हशी पाण्यावर जाताना चालता चालता पडल्या. ताप नाही, फुगी नाही, साप नाही. पेटीने लिहिलं: ‘अचानक मृत्यू. कारण अज्ञात.’ माघात एका आठवड्यात नऊ गेल्या, तेव्हा मी जीप काढली.

वाड्यावर पोचले तेव्हा भर दुपार होती. दादा म्हशी घेऊन पाण्याकडे निघाला होता. मीही त्याच्याबरोबर चालू लागले. आजूबाजूला तोच हिरवागार पाला, माझ्या भाषणांतला. पुढे चाललेली म्हैस विटकरी रंगाची होती. तिच्या डोळ्यांभोवती पांढरी कडी पडली होती, म्हातारीने चष्मा लावल्यासारखी. असली म्हैस आमच्याकडे कधी नव्हती.

“ही कुणाची?” मी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. “काजळी हाय ती.”

काजळी दादाच्या गोठ्यातली सगळ्यांत काळी म्हैस. तिच्या आईच्या आईपासून हेच नाव चालत आलेलं, कारण अंधारात त्यांचे फक्त डोळे दिसत. मी काही बोलणार इतक्यात तिने मान वर केली, दोन पावलं तिरकी टाकली आणि बसकण मारावी तशी खाली आली. मग आडवी झाली. पाय एकदा ताणले. दादा धावला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या कुशीला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. इतर म्हशी पाण्याकडे चालत राहिल्या.

“काळीज थांबलं,” तो म्हणाला. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, “तुला म्या तवाच सांगितलं न्हवं का? तांबं चढलंय म्हणून.”

“कुठे दादा? कुठे दिसलं तुला तांबं?”

“हे काय.” त्याने चिमटीत केस धरून मला दाखवले. विटकरी, रुक्ष केस. “काळी म्हस अशी तांबडी पडाय लागली की जुनी माणसं म्हणायची, तांबं चढलं. आई बी म्हणायची. तू लहान व्हतीस. रोग न्हवं गं ह्यो, भूक हाय. पाला गोड लागतो, पोट भरतं, पर भूक ऱ्हाती. असं झालं की म्हस खालच्या रानात न्यायची, पाला बदलायचा. आपल्या गोठ्यात इटा व्हत्या म्हणून म्या आधी नेल्या न्हाईत, मग तू म्हनालीस तांबं जास्त झालंय.”

मी तिथे दगडावर बसले.

केसांचा काळा रंग तयार व्हायलाही तांबं लागतं. ते कमी पडलं की काळा केस तांबूस होतो, डोळ्यांभोवती पांढरा. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं. माझ्या प्रबंधातही होतं, इंग्रजीत. म्हणजे ज्या म्हशीवर तांबं ‘चढतं’, तिच्या आतलं तांबं संपत आलेलं असतं. माझ्या लोकांनी रंगाला नाव दिलं होतं, मी धातूचं समजले. दुसऱ्या वर्षी चुन्याने मातीचा आंबटपणा उतरला, मॉलिब्डेनम मोकळं झालं आणि पाल्यात चौपट चढलं. विटा अपुऱ्या पडू लागल्या, आणि दादा तेच सांगत होता. विटा वाढवायच्या त्या मी काढायला लावल्या. रक्तातलं ते जास्तीचं तांबंही त्या जोडीने धरून ठेवलेलंच होतं, शरीराच्या कामाचं नव्हतं. ते वेगळं ओळखायची चाचणी असते. मी ती सांगितली नव्हती, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

हे सगळं मी दादाला तिथेच सांगितलं. काजळीच्या शेजारी बसून, एकही शब्द न लपवता. फोनवर गाळलेल्या कर्त्यापासून ते ‘चढलंय’ या क्रियापदापर्यंत. शेवटी म्हणाले, “माझ्यामुळे झालं दादा.”

तो ऐकत होता. मग त्याने एकच विचारलं, “इटा परत टांगल्या तर?”

“टांगायच्याच. शिवाय तांब्याची सुई. आणि या पाल्यावरून म्हशी काढायच्या.”

“मग ऊठ,” तो म्हणाला. “बसून काय व्हतंय?”

सुया आल्या, विटा टांगल्या. पण हृदयाचा स्नायू एकदा गेला की सुईने परत येत नाही. शिमग्यापर्यंत म्हशी पडत राहिल्या. एकशेतीसपैकी एकसष्ट गेल्या. दादाच्या सतरापैकी सहा उरल्या. ज्या वाचल्या त्यांच्या कातडीवर मुळाशी काळा केस उगवू लागला, वरचा विटकरी तसाच; एकेका म्हशीकडे पाहून कळायचं, हिला सुई कधी मिळाली.

शिमगा झाल्यावर वाघजाईच्या देवळापुढे वाडा जमला. सकाळची वेळ होती. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. मी काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. वहिनी माझ्या शेजारी उभी होती.

गंगारामबापूंनी आवाज चढवला नाही. “इटा काढा म्हणून कुणी सांगितलं, येवढंच आमास्नी कळू दे,” ते म्हणाले. त्यांच्या घरच्या चौदा गेल्या होत्या.

मी पुढे सरले. माझ्या आधी दादा उठला.

“भागूनं सांगितलं व्हतं, इटा वाढव,” तो म्हणाला. “म्या ऐकलं, काढ. वारं लई व्हतं. माझ्या कानाची चूक.”

दादा खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून मला क्षणभर कळेचना तो काय म्हणतोय. ज्याच्या कानावर बारा घरांचा विश्वास, त्यानेच सांगितलं होतं की माझा कान चुकला. मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी म्हैस पिसाळली की ‘जागची हलू नको’ म्हणून पाहायचा तसं. आणि मी हलले नाही. बोलले नाही. गंगारामबापू मान खाली घालून उठले, मग एकेक करून सगळेच उठले.

परत येताना मी वाटेत त्याला गाठलं. “का केलंस?”

“आपल्या वाड्याच्या पाच पोरी खाली शाळंत हायत्या,” तो चालता चालता म्हणाला. “गंगारामबापूची सरू तर जनावरांची डाक्तर व्हनार म्हणतीया. शिकल्याली पोर म्हशी मारती असं झालं, तर उद्या समद्या घरी आणत्याल. माझं काय, म्या म्हातारा.”

तो साठीचा होता. त्याचं कारण मला पटलं. फार चटकन पटलं, इतकं की त्या संध्याकाळी जीप घाट उतरत असताना मला हलकं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं. संघाच्या अहवालात मी लिहिलं, ‘संवादातील त्रुटी.’ साहेबांनी सही केली.

वाड्यात दादाला कोणी एक शब्द बोललं नाही. नुसती हाक यायची थांबली. त्या पावसाळ्यात येडग्यांची पारडी फुगली तेव्हा त्यांनी कानोसावरून डॉक्टर बोलावला. डॉक्टर तीन तासांनी पोचला. दादाचं घर येडग्यांच्या गोठ्यापासून वीस पावलांवर होतं. तो पडवीत बसून आवाज ऐकत होता. पारडी गेली. वहिनीने मला हे फोनवर सांगितलं आणि म्हणाली, “त्येंनी दोनदा उठून चपला घातल्या, दोनदा काढल्या.” त्यानंतर तिने मला स्वतःहून कधी फोन केला नाही.

मी गणपतीत गेले होते. दादाची एक म्हैस अंगणात बसली होती. तो तिच्याजवळ गेला, सवयीने वाकला, आणि मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून. मी दारात दिसले तसा तो सरळ झाला आणि शेण उचलायला लागला.

पुढच्या वर्षी त्याने सहाही म्हशी चुलतभावाच्या दावणीला बांधल्या आणि वहिनीला घेऊन खाली आला. तालुक्याला संघाचं दूध शीतकरण केंद्र आहे, तिथे मी त्याला फाटकावर बसायचं काम मिळवून दिलं. त्याला म्हशींचा वास यायचा नाही, दुधाचा यायचा, तोही पोलादी टाक्यांमधून. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. आम्ही हवापाण्याचं बोलायचो. मी कित्येकदा म्हटलं, “दादा, मी वाड्यावर जाऊन खरं सांगते.” तो म्हणायचा, “सरूचं तेवढं हुंदे.” मग म्हणायचा, “सरूचं शेवटचं वरीस हाय.” आणि मी थांबायची. थांबणं मला सोयीचंच होतं.

सड्यावरचा पाला आम्ही नांगरून टाकला, पण मॉलिब्डेनम मातीतून लवकर जात नाही. त्याने एकदा विचारलं, किती वर्षं राहील. मी खरं सांगितलं: आठ, कदाचित दहा. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुन्हा विचारलं नाही. सातव्या वर्षी चैत्रात, फाटकाजवळच्या खुर्चीतच, तो गेला.

दिवसकार्य वाड्यावर केलं. सगळी बारा घरं आली होती. पंगतीच्या आधी माणसं पडवीत, अंगणात बसली होती आणि जो तो दादाबद्दल चार शब्द बोलत होता. गंगारामबापू आता काठी टेकत चालतात. ते म्हणाले, “माणूस लई चांगला. येवढा चांगला, पर कानानं घात केला त्याचा.” सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उठले. सरू डॉक्टर होऊन आली होती, समोरच बसली होती. आता कोणाचं शिक्षण मोडायची भीती नव्हती. मी सगळं सांगितलं. पेटीवरचा बोल, माझं बोट, फोन, लघवी आणि म्हैस, ‘यातलं मला कळतं’. जमेल तेवढं त्यांच्याच बोलीत सांगितलं. ती मला आता नीट येत नाही, अडखळत होते, तरी सांगितलं. “विटा काढायला नकोत असं दादाने दोनदा सुचवलं होतं,” मी म्हणाले. “त्याचा कान चुकला नाही. मी चुकले.”

बायांमध्ये कोणीतरी रडत होतं. मग गंगारामबापूंनी उपरण्याने डोळे पुसले आणि काठी टेकत माझ्यापर्यंत आले.

“बाय,” ते म्हणाले, “भावाची माया कळती आमास्नी. पर गेल्याली चूक अशी आपल्या डोक्यावर घिऊ नये. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं व्हतं, देवीम्होरं.”

“बापू, मी खरं सांगते.”

“व्हय, व्हय. बस तू.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, “बहीण असावी तर अशी.”

लोक मला बसा बसा म्हणू लागले. मी वहिनीकडे पाहिलं. ती चुलीपाशी बसली होती. तिला सगळं माहीत होतं. दादाने मला फोनवर विचारलं तेव्हा ती त्याच्या शेजारी उभी होती.

“वहिनी, तू तरी सांग ना.”

तिने चुलीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“त्येंनी जे सांगितलं तेच खरं,” ती म्हणाली. “येवढा एकच शबूद ऱ्हायलाय त्येंचा, लोकं धरत्यात तो. त्यो बी मोडू म्हणतीस?”

मी खाली बसले. थोड्या वेळाने सरू माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला वाकली.